संकासुराला परवानगी कोण देतं?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आपल्या जत्रांतल्या नाटकांत देवावरचा विनोद खपून जातो, पण देवाच्या नावाने चालणाऱ्या व्यवहारावरचा खपत नाही. तेवढ्यावर पत्रांची रास पडली. एका निनावी पत्रात मला ‘नास्तिक म्हातारी’ म्हटलंय. त्यातलं म्हातारी मान्य. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, अंत्रुजातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, उत्सवी नाटकांत तोंडाला रंग लावला, पुढे नाटकं बसवली. त्या भांडवलावर ही उत्तरं देते आहे. वकिली आणि वैदिकी, दोन्ही मला येत नाहीत.

प्रश्न : बाई, यंदा आमच्या गावच्या जत्रेला मी लिहिलेलं विनोदी नाटक आहे. एका प्रवेशात जमिनीच्या सौद्यासाठी देवळात पाकळी लावतात. उजवी पाकळी पडते, सौदा ठरतो, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की वर पंखा सुरू होता. दुसऱ्या प्रवेशात देव स्वतः येतो, तोतरं बोलतो आणि नवसांचे अर्ज हरवून बसतो. कमिटी म्हणते, दोन्ही काढा, देवळापुढे देवाची थट्टा नको. मी माघार घ्यावी का?
— एक नवा नाटककार, डिचोली तालुका

उत्तर : पंख्याचा प्रवेश अजिबात काढू नकोस. तोतऱ्या देवाचा काढ, पण कमिटी सांगते म्हणून नव्हे, तो विनोद वाईट आहे म्हणून.

आधी वाईट काय ते सांगते. तोतरा देव आला की लोक हसतील, पण हसतील ते तोतरेपणाला. तुमच्या गावात एखादा अडखळत बोलणारा पोरगा असेलच. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला ‘देवा’ म्हणून चिडवतील. देवाला तुझ्या प्रवेशाने ओरखडाही उठणार नाही, त्या पोराचं वर्ष मात्र वाया जाईल. आणि देवाविषयी तू विचारलंस काय? काहीच नाही.

अर्ज हरवण्याची कल्पना मात्र फुकट घालवू नकोस. आपल्या गोव्यात ती अर्धी खरीच आहे. आपली देवळं अजून पोर्तुगीज काळातल्या, १९३३ सालच्या मझनी कायद्यावर चालतात. त्यात देवस्थानाचे महाजन, म्हणजे पिढीजात हक्कदार, असतात, त्यांची समिती असते आणि सगळ्यांवर प्रशासक म्हणून तालुक्याचा मामलेदार असतो. म्हणजे देव जागृत असला तरी कारभार सरकारी! नवस बोलायला आलेल्या माणसाला पुजाऱ्याने सांगावं, ‘देवाचं काही नाही हो, तो आत्ताच पावेल. पण मामलेदार रजेवर आहेत.’ देवाला रंगमंचावर आणायची गरजच नाही. जो न दिसता एवढा धाक ठेवतो, त्याला दाखवून तू त्याचा धाक कमी करत नाहीस, आपल्या नाटकाचा करतोस.

आता पंखा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, पाकळी लावणं म्हणजे मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातला प्रश्न देवापुढे ठेवायचा आणि उजवीकडची पाकळी पडली की होकार समजायचा. लग्न जुळवताना, घर बांधताना, ऑपरेशन करावं की नाही इथपर्यंत लोक पाकळीला विचारतात. तुझ्या प्रवेशात मला सगळ्यांत आवडलं ते हे, की त्यात लबाड कुणीच नाही. पुजाऱ्याला उकडत होतं म्हणून त्याने पंखा लावला. सौदेवाल्याने मनापासून विचारलं. पाकळी खरोखरच पडली. सगळे प्रामाणिक, आणि तरी निवाडा पंख्याने दिला. ढोंगी बुवावर नाटक लिहिणं सोपं असतं. प्रेक्षक म्हणतो ‘आमचा बुवा तसला नव्हे’ आणि खुशाल चहाला जातो. इथे त्याला तशी पळवाट नाही. त्याच्याही घरात कुठला ना कुठला निर्णय पाकळीने झालेला असतो, आणि तेव्हा पंखा सुरू होता की बंद, हे त्याला काही केल्या आठवत नाही.

फक्त एक बदल कर. आत्ता पंख्याकडे बोट दाखवलं की तुझा नायक जिंकतो आणि पडदा पडतो. त्याआधी पुजाऱ्याला बोलू दे. तो म्हणेल, ‘पंख्याचं बटण मी दाबलं खरं, पण नेमकी त्याच घटकेला दाबायची बुद्धी मला कुणी दिली?’ या वाक्याला टाळी पडेल. पडू दे. श्रद्धा अशीच उत्तर देते, असल्या दहा पंख्यांना ती पुरून उरते. मग नायकाने विचारावं, ‘आणि वीज गेली असती तर?’ पुजारी म्हणेल, ‘वीज जाते ती तरी कुणाच्या मर्जीने जाते रे?’ तुझ्या नायकाकडे यावर उत्तर आहे का? नसेल तर नाही. नसलेलं उत्तर लेखकाने त्याच्या तोंडात कोंबू नये. प्रेक्षक ते भांडण घरी घेऊन जाईल, जेवताना बायकोशी भांडेल, आणि तुझं काम झालं.

राहता राहिली कमिटी. ‘देवळापुढे थट्टा नको’ म्हणणाऱ्यांना विचार, काल्याची, म्हणजे दशावतारी खेळाची, सुपारी कोण देतं? डिचोली, पेडणे, सत्तरी या पट्ट्यात जत्रेला दशावतारी बोलावतात ते याच कमिट्या. दशावतारी आख्यानाआधीच्या भागात संकासूर येतो. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा दैत्य, काळ्या कपड्यांतला. देव आणि भट मराठीत बोलत असताना हा गडी मालवणीत घुसतो आणि समोर येईल त्याची फिरकी घेतो. पोरं झोपेतून उठून त्याच्यासाठी बसतात. हे सगळं देवळाच्या आवारात, पालखी फिरून आल्यावर. वेद चोरणाऱ्याला देवळापुढे हशा मिळतो, त्याला परवानगी कुणी दिली, हे कमिटीच्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचार. तो हसेल. तिथून बोलणं सुरू कर.

आणि कुणी शास्त्राचं नाव काढलंच, तर छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायाचा बारावा खंड काढून दाखव. बक दाल्भ्य नावाचा अभ्यासक वेदपठणाला गावाबाहेर जातो, तिथे एक पांढरा कुत्रा प्रकटतो. बाकीचे कुत्रे त्याला म्हणतात, आम्हाला भूक लागली आहे, गाऊन अन्न मिळवून दे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते यज्ञातल्या ऋत्विजांसारखे एकमेकांना धरून फेर धरतात आणि ओंकार लावून गातात, आम्ही खाऊ, आम्ही पिऊ! शंकराचार्यांचं भाष्य म्हणतं की देवता किंवा ऋषीच त्या रूपाने आले होते, यात थट्टा नाही. असेल. मला मात्र तो खंड वाचताना दक्षिणेची वाट बघत बसलेली पंगत दिसते. उपनिषद रचणाऱ्यांना ती दिसली नसेल असं मला वाटत नाही.

एक व्यावहारिक सल्ला. संहिता कमिटीला देऊ नकोस, वाचून दाखव. कागदावरचा विनोद मेलेल्या माशासारखा असतो, वास आधी येतो. शिवाय पुजाऱ्याची भूमिका बाहेरच्या नटाला न देता महाजनांपैकीच कुणाला तरी दे. बटणाचं ते वाक्य त्याच्या तोंडी आलं की प्रवेश काढायला तोच देणार नाही.

प्रश्न : नातू सातवीत आहे. श्रावणात घरी सत्यनारायण झाला. कथा संपल्यावर सगळ्यांसमोर तो भटजींना म्हणाला, “प्रसाद टाकून धावली कलावती, मग बुडाला तिचा नवरा का?” सगळे हसले, भटजीसुद्धा. माझा मुलगा मात्र भडकला आणि पोराला आत नेऊन बसवलं. कोण चुकलं?
— एक आजी, वाळपई

उत्तर : आजी, तुमचं पत्र या महिन्याचं पहिलं बक्षीस. भटजी हसले हे लिहिलंत, पण हसल्यावर काय म्हणाले ते लिहिलं नाहीत. मला नेमकं तेच हवं होतं. पुढच्या पत्रात कळवा.

तुमच्या नातवाने विनोद केलाच नाही. त्याने कथा नीट ऐकली. आपण इतकी वर्षं ऐकतो, पण आपलं अर्धं लक्ष शिऱ्यात केळं पुरेसं पडलं की नाही यात असतं. साधुवाण्याची मुलगी कलावती पूजेला बसलेली, नवऱ्याची नौका किनाऱ्याला लागल्याची बातमी येते, पोर प्रसाद न घेता धावते. एवढ्यासाठी जावई नौकेसकट गडप. एकाची चूक, दुसऱ्याला शिक्षा. हा प्रश्न मोठ्या माणसाने गंभीर चेहऱ्याने विचारला असता तर वाद झाला असता. मुलाने विचारला म्हणून हसू आलं, आणि त्या हसण्याच्या आडोशाने तो सगळ्यांच्या कानात जाऊन बसला. तुमच्याही बसलाच ना? नाहीतर मला पत्र कशाला लिहिलं असतं?

याच कथेवर गाडगेबाबा कीर्तनात बोलत. बुडालेली नौका सत्यनारायणाने वर येत असेल तर लढाईत एवढ्या बोटी समुद्रात बुडाल्या, बंदरावर सव्वा रुपयाची पूजा घाला आणि काढा वर! लोक पोट धरून हसत. ऐकणारे कोण होते? टाळ कुटत पंढरीला जाणारी माणसं. घरी गेल्यावर त्यांतल्या कितींनी सत्यनारायण सोडला, मला ठाऊक नाही. पण बाबांची रीत बघा. ते सांगत नसत, विचारत. लोकांकडूनच उत्तर वदवून घेत, मग त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. आणि हे सगळं करून कीर्तनाच्या शेवटी ‘गोपाला गोपाला’ हा गजरही तेच करत. देवाचं नाव घेणारा माणूसच देवाच्या नावावर चाललेल्या हिशेबाला हसत होता. म्हणून त्याला उठून जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

तुमच्या मुलाविषयी. त्याला राग देवासाठी आला असं मला वाटत नाही. पाहुण्यांसाठी आला. चारचौघांत पोरगा बोलला, लोक काय म्हणतील, एवढंच. त्याला त्यावरून बोलू नका. संध्याकाळी त्याच्याचकडून कलावतीची गोष्ट नातवाला पुन्हा सांगायला लावा. सांगता सांगता तोही अडकेल. आणि नातवाला माझा निरोप द्या, पुढच्या वेळी आधी शिरा खा, मग विचार.

प्रश्न : श्रद्धा तपासणारा विनोद आणि श्रद्धा दुखावणारा विनोद यांतला फरक एका वाक्यात सांगा.
— एक वाचक, कुडचडे

उत्तर : एका वाक्यात सांगता आला असता तर मी इतक्या तालमी कशाला घेतल्या असत्या?

प्रश्न : विनोद नेहमी आपल्याच देवांवर का? हिंमत असेल तर दुसऱ्यांच्या धर्मावर करून दाखवा म्हणावं.
— एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांना दुसऱ्यांच्या धर्माची चिकित्सा नको असते, आपल्या धर्माची थांबवायची असते. तुम्ही त्यांतल्या नसाल असं धरून उत्तर देते, कारण तुम्ही मुलांना शिकवता.

तुम्ही मडगावात राहता. रवींद्र भवनात जाऊन तियात्र, म्हणजे ख्रिस्ती मंडळींचं कोकणी नाटक, कधी पाहिलंय? १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिलं तियात्र झालं, तेव्हापासून ही मंडळी हसत आणि हसवत आली आहेत. तियात्राचे पडदे, म्हणजे अंक, असतात, आणि दोन पडद्यांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी. मी ऐकलेल्या एका कांतारातला माणूस रोज सकाळी मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, पहिल्या बाकावर बसतो आणि दुपारी भावाच्या वाटणीचं भाट, म्हणजे माडांची बाग, आपल्या नावावर करायला वकिलाकडे जातो. माझ्या पुढच्या रांगेतल्या काळ्या झग्यातल्या आजीबाई डोळे पुसत हसत होत्या. त्यांतली एक शेजारणीला कोपर मारून कुणाचं तरी नावही सांगत होती. बोला, हे आपल्याला लिहिता आलं असतं? मला नाही. मिसेला कुठल्या ओळीला डोळा लागतो, पाद्रीच्या कुठल्या वाक्याला लोक घड्याळ बघतात, हे मला माहीत नाही. जो विनोद आतल्या माणसाला जमतो, तोच बाहेरच्याने केला की कळत नाही आणि लागतो मात्र फार.

दुसऱ्यांच्या घरात चिकित्सा होत नाही असं आपण म्हणतो, कारण आपण त्यांची भाषा ऐकत नाही, त्यांच्या नाटकाला तिकीट काढत नाही. सापडणार कशी?

इतिहासाचं म्हणाल तर गोव्याएवढा बोलका दुसरा प्रदेश नाही. १५६० साली इथे इन्क्विझिशन बसलं, मध्ये काही वर्षं बंद पडलं, आणि कायमचं उठलं ते १८१२ मध्ये. धर्माच्या बाबतीत कोण काय पुटपुटतो याची झडती घेणारं न्यायालय होतं ते. त्याच सुमाराला आपला मंगेश कुठ्ठाळीहून निघाला आणि नदीपल्याड प्रियोळला येऊन राहिला. तो मुलूख कुणाचा? आदिलशहाचा. आज मंगेशीच्या देवळात उभं राहून ‘दुसऱ्यांचे’ हिशेब मांडणाऱ्याला हे आठवलं की मला खुसकन हसू येतं. हे हसू मी दाबत नाही.

मात्र दुसऱ्याच्या धर्मावर कुणी बोलूच नये, असाही नियम मला मान्य नाही. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्म्याने एक संस्कृत प्रहसन लिहिलं. त्यात दारूच्या नशेतल्या कापालिकाचं कवटीचं भिक्षापात्र हरवतं, तो एका बौद्ध भिक्षूवर चोरीचा आळ घेतो, दोघंही धर्मशास्त्र काढून भांडतात, आणि पात्र नेलेलं असतं कुत्र्याने. कापालिक शैव, आणि राजाही शिवभक्त. आपल्या पंथाची टोपी उडवून झाल्यावर तो भिक्षूकडे वळतो. हा क्रम मला पटतो. पॅरिसमध्ये ७ जानेवारी २०१५ रोजी व्यंगचित्रं छापणाऱ्या साप्ताहिकावर हल्ला होऊन बारा माणसं मेली. त्या चित्रांतली पुष्कळ मला आवडली नसती. पण चित्र आवडलं नाही एवढं सांगायला बंदूक लागत नाही.

वर्गात मात्र तुमचं काम वेगळं आहे. चाळीस मुलांच्या वर्गात दोन मुलं वेगळ्या धर्माची असतील आणि अडतीस जण त्यांच्या देवाला हसत असतील, तर त्यात प्रश्न विचारण्यासारखं काही उरत नाही. तिथे छडी नाही, पण आवाज चढवावा लागतो. आणि नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी मुलांना शिवोलीच्या झागराला घेऊन जा. जागरदेवाचा उत्सव, आणि हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरं मिळून करतात. माझ्या उत्तरापेक्षा लवकर कळेल.

प्रश्न : पणजीत आम्ही काही मुलं-मुली स्टँड-अप करतो. माझ्या एका भागात माझ्या घरच्या सोवळ्याओवळ्यावर आणि मासिक पाळीत ‘बाजूला बसण्यावर’ विनोद आहेत. घरचे घाबरलेत की केस होईल. कायदा काय म्हणतो?
— एक मुलगी, ताळगाव

उत्तर : वकिलाला विचार. मला माहीत आहे तेवढं सांगते. धार्मिक भावना दुखावण्याचं जुन्या दंडसंहितेतलं कलम २९५अ, ते १९२७ मध्ये आलं. लाहोरात एका पुस्तिकेवरून रण माजलं होतं, प्रकाशक हायकोर्टात सुटला, आणि इंग्रज सरकारने नवं कलम घातलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत २९९ या आकड्याने आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम वैध ठरवलं, पण स्पष्ट केलं की धर्माचा कुठलाही अवमान यात येत नाही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलाच येतो. कागदावर बरं आहे. अडचण अशी की हेतू ठरतो कोर्टात, आणि अटक होते आधी. १ जानेवारी २०२१ ला तुझ्यासारखाच स्टँड-अप करणाऱ्या मुनव्वर फारुकीला इंदुरात कार्यक्रमातून उचललं, महिन्याहून जास्त दिवस तो आत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा गोव्यातला कार्यक्रम धमक्यांमुळे रद्द झाला. त्याहीआधी २००८ मध्ये ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळावर स्फोट झाला, तिथे पौराणिक पात्रांवरच्या विनोदी नाटकाचा प्रयोग होता. तुझे घरचे उगाच घाबरत नाहीत, हे आधी मान्य कर.

आता तुझा विनोद. तू मूर्तीवर, ग्रंथावर बोलत नाहीस, स्वतःच्या घरातल्या चटईवर बोलतेस, जिच्यावर तुला बसवलं. तो तुझा अनुभव आहे, तो सांगायला कुणाचा दाखला लागत नाही. पूर्ण कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग स्वतःजवळ ठेव, म्हणजे कुणी अर्धा मिनिट कापून फिरवला तर उरलेला तुझ्याकडे असेल. आणि एकदा घरी करून दाखव, आईसमोर. आजीसमोर तर नक्कीच. सोवळ्यावरचे सगळ्यांत जहाल विनोद मी ओल्या नऊवारीत कुडकुडणाऱ्या बायकांच्या तोंडूनच ऐकलेत. त्यांतले दोन उचललेस तर मालकीण सांगून उचल.

प्रश्न : तुमचा संकासूर शेवटी विष्णूच्या हातून मरतो. लोक रात्रभर हसतात आणि सकाळी नवस फेडायला रांग लावतात. असा विनोद व्यवस्थेला सोयीचा असतो. त्यापेक्षा सरळ प्रबोधन करा.
— एक निवृत्त अधिकारी, म्हापसा

उत्तर : साहेब, तुमचं निम्मं खरं आहे. वर्षातून एक रात्र हसायची मुभा देऊन उरलेले दिवस गप्प बसवणं, हा जुना धूर्तपणा आहे. एकनाथांच्या भारुडातली बाई भवानीला रोडगा कबूल करते आणि बदल्यात सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, शेवटी नवरा, सगळ्यांची विल्हेवाट मागते. नवस म्हणजे नेमकं काय मागणं असतं ते याहून उघडं कुणी करून दाखवलेलं नाही. आणि मी ते भारूड नवस फेडण्याच्या कार्यक्रमात टाळ्यांच्या गजरात ऐकलंय. तेव्हा विनोदाने लोक शहाणे होतात, असा दावा मी करत नाही.

पण सरळ प्रबोधनाचं काय झालं ते बघा. चार्वाकांचे ग्रंथ गेले. एकही धड हाती नाही. उरलंय ते त्यांच्या विरोधकांनी खंडनासाठी उतरवून घेतलेलं, आणि त्यांनी उतरवलं काय? टोमणे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात ते आहेत. श्राद्धाने मेलेल्याचं पोट भरत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून देता, घरीच वाढा, त्याला तिकडे पोचेल. यज्ञात मारलेला पशू स्वर्गाला जात असेल तर यजमान आपल्या बापालाच का नाही तिथे पाठवत? बराचसा युक्तिवाद नष्ट झाला, आणि हे दोन विनोद वैऱ्यांनी जपून ठेवले, बहुधा त्यांनाही हसू आलं म्हणून.

काय बदलतं, हे विचारताय तर एक डोळ्यांदेखतचं सांगते. आमच्या भागातल्या एका जत्रेत मी फार्स बसवला होता. त्यात एक माणूस असतो, उधारी मागायला कुणी दारात आलं की त्याच्या अंगात भार येतो. गावात खरोखरच भार येणारा एक जण होता. उत्सवात घुमायचा, लोकांना तोडगे सांगायचा, कुणाला कोंबडा, कुणाला नारळ, वर दक्षिणा. फार्स त्याच्यावर नव्हता, पण गावाने तो त्याच्यावर नेऊन बसवला. पोरं त्याला वाटेत विचारू लागली, ‘काका, आज कोण आलंय मागायला?’

देवीवरची श्रद्धा कमी झाली? छे. ओटी भरणाऱ्या बायका तेवढ्याच. त्याच्याकडे जाणंही थांबलं नाही. झालं एवढंच की लोक घासाघीस करू लागले. त्याने कोंबडा सांगितला की नारळावर तोडायचे. नारळ सांगितला की अर्धा प्रसाद म्हणून परत मागायचे. दोन-तीन उत्सवांत त्याचा धंदा बसला, आणि त्याचं घर त्यावर चालत होतं, हे आमच्या नाटकात कुठे नव्हतं. बायको काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. ती माझ्यावर रागावलेली असणार असं धरून मी बाजारात तिला टाळायची. एकदा तिनेच गाठलं. पगाराचं सांगितलं, मुलीच्या कॉलेजचं सांगितलं. निघताना मी भीत भीत विचारलं, यजमान कसे आहेत.

“बरे आसात,” म्हणाली. “भार अजून येता, पूण आतां फुकट येता.”